शुद्धिपत्रक

माझा दादा गाइडं लिहायचा. शाळेच्या पुस्तकातल्या कथा-कवितांची. ‘कथेतला बंद दरवाजा कशाचे प्रतीक आहे?’ असल्या प्रश्नांना पाच ओळींची तयार उत्तरं. दिवा म्हणजे आशा, भिंत म्हणजे दुरावा. छापखान्याच्या पोटमाळ्यावर बसून त्यानं तीस वर्षं हेच केलं आणि घरी येऊन आमचं डोकं खाल्लं. रेडिओवर गाणं लागलं की सुरू, “यातली नदी म्हणजे नदी नव्हे बरं का!”

“मग काय, नळ आहे?” मी म्हणायची.

त्याच्या लेकीला मात्र या खेळाचं भारी वेड. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बापलेकीची सगळी माया त्यातच. ती चार ओळी रचायची, तो लपलेला अर्थ सांगायचा. बरोबर आला की ती टाळी द्यायची.

लग्न होऊन ती लांब गेली. फोनवर दोन मिनिटंही बोलायची नाही. मग एक दिवस पत्र आलं. ‘इकडे सगळं छान. बाबा, हे सोडवा:

खिडकीतली कुंडी त्यानं आत नेली,
आतल्या खोलीला कडी लावली.
माळीबाबा, या खेपेला बी नको,
येताना हातगाडी आणा.’

दादा हरखला. लगेच लाल पेन काढलं. ‘कुंडी हे एकाकीपणाचे प्रतीक आहे. “हातगाडी” हा शब्द हळुवार गीतात खटकतो. दहापैकी सात.’ मीसुद्धा म्हटलं, “गाणी सुचतायत म्हणजे पोरगी सुखात आहे.” असं मी म्हटलं होतं. माझ्या जिभेला काही हाडच नाही.

आठ दिवसांत तिचं कार्ड आलं. एवढंच: ‘बाबा, उत्तर चुकलं. पुन्हा वाचा.’

“मला चूक म्हणते! मला!” दादा पोट धरून हसला. सविस्तर उत्तर लिहून तिला गप्प करायचं त्यानं ठरवलं, पण नव्या आवृत्तीची घाई होती. त्या आवृत्तीत त्यानं कौतुकानं लेकीचं गाणंही सरावासाठी घातलं, खाली स्वतःचं उत्तर.

उत्तर लिहायचं राहिलं. तिच्या सासरहून फोन आला. गच्चीवरून पडली आणि गेली म्हणे. म्हणे!

आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारीण मला जिन्यात गाठून म्हणाली, “बाहेरून कडी लावून जायचा हो तिचा नवरा. तिची पत्रं आधी स्वतः वाचायचा, मग पेटीत टाकायचा.” दादा माझ्या मागेच उभा होता. तो तिथेच पायरीवर बसला. “ती हातगाडी आणा म्हणाली ना मला,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

महिन्याभरानं तो छापखान्यात गेला. गाइडं बांधून तयार होती. मालक हळूच म्हणाला, “सर, एका उत्तरासाठी कोण शुद्धिपत्रक लावतं? पोरं वाचतसुद्धा नाहीत.” दादानं ऐकलं नाही. चिठ्ठ्या छापून घेतल्या. मी खळ लावत होते, तो चिकटवत होता. प्रत्येक चिठ्ठी आधी वाचायचा, मग चिकटवायचा. हजार वेळा वाचली त्यानं:

‘पृष्ठ ८४, प्रश्न ३. “कुंडी हे एकाकीपणाचे प्रतीक आहे” याऐवजी “बाबा, मला घरी न्या” असे वाचावे.’