भिकनची नजर

भिकन पैठणकडच्या मेंढपाळाचा मुलगा. गारखेड्यातल्या आमच्या कंपनीत तो ड्रोनच्या बॅटऱ्या उचलायचा. पिकांवर फवारणी करणारे हे ड्रोन. एका माणसानं एका स्क्रीनवर आठ सांभाळायचे. डिग्रीवाल्यांची तिथं रोज फजिती व्हायची. एकाकडे बघेपर्यंत दुसरा बाभळीत अडकलेला. एकदा मागं उभा असलेला भिकन म्हणाला, "ते चौथं लंगडतंय," आणि अर्ध्या मिनिटानं मशीनचा धोक्याचा भोंगा बोंबलला. दुसऱ्या दिवशी त्याला खुर्ची मिळाली.

स्क्रीनवर काय दिसावं आणि किती ठळक दिसावं, हे ठरवणं माझं काम. त्यामुळे चार महिने मी त्याच्या शेजारी बसून होते. त्याची नजर कुठं जाते ते टिपायला कॅमेरा लावला आणि प्रश्न विचारून विचारून त्याला पिळून काढलं. बिचारा हसत पिळून घेत होता.

"लई सोपं हाय, विशाखाताई. एकेकाकडं बघायचं नाय. सगळी एका चालीनं चालत्यात. कुणाची चाल मोडली की डोळा आपसूक तिथं जातो."

मी हे लिहून घेतलं आणि स्वतःला फार हुशार समजून नवी स्क्रीन बनवली. नीट चालणारे ड्रोन फिके, बिघडलेला तेवढा लालभडक. आमचे साहेब, अंगद सर, खूश झाले. भिकनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "स्क्रीन पास झाली की तू पर्मनंट." सर असले शब्द कुणालाही देतात आणि विसरतात. मी तिथंच चहा पीत उभी होते. भिकननं मात्र त्या शब्दावर घरची साठ मेंढरं विकली. वडील थकलेले, मग राखणार कोण? मला तेव्हा बोलता आलं असतं. मी कप विसळला.

चाचणी पैठण रोडवरच्या एका उसाच्या फडात, बड्या गिऱ्हाइकासमोर होती. आदल्या दुपारी सर म्हणाले, "स्क्रीन अजून स्वच्छ दिसू दे. गर्दी नको." मी फिके ड्रोन आणखी फिके केले. ऑफिसातल्या सावलीत ते अंधूक का होईना दिसत होते. भिकनला सांगायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर, त्याला विचारायची गरजच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. आठही ड्रोन फडावर गेले, तिसरा जरा डगमगला आणि स्क्रीनवर तो लाल झाला. बाकीचे सात फिके ठिपके स्क्रीनवर पडलेल्या उन्हाच्या झळाळीत दिसेनासे झाले. भिकन एकदम उठून उभा राहिला.

"बाकीचे कुठं गेले?"

नजरेआड गेलेला कळप पुढं जाऊ द्यायचा नसतो, आहे तिथंच थांबवायचा असतो. लहानपणापासून त्याच्या अंगात भिनलेलं हेच त्यानं केलं. 'सगळे खाली' हे बटण दाबलं. दोन ड्रोन विहिरीत पडले, सहा उसात आदळले. गिऱ्हाईक हसलं. सर हसले नाहीत.

अहवाल मलाच लिहायचा होता. खरं लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी लिहिलं, 'स्क्रीन योग्य. ऑपरेटर अपात्र.' आता संस्कृती नावाची नवी मुलगी त्याच स्क्रीनवर वीस ड्रोन चालवते. ते फिके रंग मी चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी गुपचूप ठळक केले.

शेवटच्या पगाराचा हिशेब घ्यायला आला तेव्हा भिकन माझ्या टेबलाशी थांबला.

"ताई, खरं सांगा. ते सात स्क्रीनवर व्हते का?"

"होते की," मी म्हणाले.

त्यानं दोन्ही डोळे चोळून पाहिले.

"मंग माझीच नजर गेली असंल. तुमची चार महिन्यांची मेहनत मातीत घातली मी. माफ करा. डोळ्याचा चांगला डॉक्टर हाय का कुणी वळखीचा?"

मी त्याला औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरचा पत्ता लिहून दिला.