फोटोतल्या पाच जणी

तासभर ट्रम्पेट वाजवलं की नळीत पाणी साठतं. ते अधूनमधून काढून टाकावं लागतं, नाहीतर सूर गुरगुरतो. आमच्या बिग बँडचे किस्से माझ्यात असेच साठलेत. आता काढतेच, नाहीतर मी गुरगुरायला लागेन.

आर्नहेम या डच शहरातल्या एका ऑफिसात मी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्ट करते आणि शनिवारी सकाळी या हौशी बँडमध्ये वाजवते. आम्ही फक्त दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली गाणी वाजवतो. पाच मेला, म्हणजे इथल्या मुक्तिदिनाला, आमचा मोठा कार्यक्रम असतो.

पहिल्या दिवशी मी ट्रम्पेटची पेटी घेऊन हॉलच्या दारात उभी राहिले. बँडमास्तर हेंक गोड हसून म्हणाला, "कुणाची पेटी आणलीस?"

"माझी."

"अच्छा! म्हणजे तू गाणारी नाहीस?"

मी वाजवून दाखवलं. तर म्हणाला, "अरे, तू खरंच वाजवतेस!" मग पेटीत काय पोळीभाजी आणली होती मी?

०००

मला बाबांनी शिकवलं. ते नागपुरात बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवायचे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. मी गच्चीवर सराव करायला लागले तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरीचे ओठ सुजले तर लग्न कोण करेल?"

आई म्हणाली, "सुजलेल्या ओठांनी उलट बोलता येत नाही. जावयाचा फायदाच आहे."

वाटलं होतं, असल्या काकू नागपुरातच राहिल्या.

०००

मुक्तिदिनासाठी पुरुषांना लष्करी गणवेश आले. आम्हा तीन बायकांना ठिपक्यांचे फ्रॉक आणि लाल लिपस्टिक. मी हेंकला सांगितलं, लिपस्टिक लावून ट्रम्पेट वाजवता येत नाही, ओठ घसरतात.

"मग पुढे उभी राहून टाळ्या वाजव," तो म्हणाला. "त्या काळी बायका वाजवत नव्हत्या. आपल्याला इतिहास नीट दाखवायचाय."

माझं डोकं सणकलं. तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं.

०००

ती कॉरीआजी. सत्त्याण्णव वर्षांची. शेजारच्या वृद्धाश्रमातून दर शनिवारी व्हीलचेअरवर आमची तालीम ऐकायला येते. तिने मला खुर्ची ढकलत हॉलच्या भिंतीकडे न्यायला लावलं. तिथे हेंकने त्या काळातले फोटो लावलेत. एकात पाच मुली होत्या, तिघींकडे ट्रम्पेट, दोघींकडे ट्रोम्बोन. खाली पाटी, 'वादकांच्या पत्नी, गमतीने वाद्यं हातात घेऊन.'

"मधली मी," कॉरीआजी म्हणाली. "सतरा वर्षांची. नवरा कुठला आणलास रे हेंक?"

मग तिने सांगितलं. पुरुषांना मजुरीसाठी जर्मनीला नेलेलं होतं. युद्ध संपलं तरी ते परतले नव्हते. त्यांची वाद्यं या पोरींनी उचलली आणि तो अख्खा उन्हाळा सैनिकांना नाचवलं. पुरुष परत आले आणि आपापली वाद्यं घेऊन गेले. आभारसुद्धा मानले नाहीत.

"चार वर्षं सांगतेय, पाटी बदल. मी मरायच्या आत."

हेंक म्हणाला, "पण पुरावा काय? बाकीच्या चौघी गेल्या. फोटो तर पोझच वाटतो."

सत्त्याण्णव वर्षांच्या बाईकडे पुरावा मागतो हा माणूस! जिच्याशी बोलतोय, तीच तर पुरावा होती.

०००

घरी येऊन मी तो फोटो बाबांना पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर हेंकला यथेच्छ शिव्या घातल्या. बाबांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला.

"पुरावा काय मागून राहिला तो?" ते म्हणाले. "बोटं पाह्य न पोरींची."

०००

पुढच्या शनिवारी मी तीन ट्रम्पेटवाल्यांना आणि दोन ट्रोम्बोनवाल्यांना फोटोसमोर उभं केलं. फोटोतल्या मुलीने जी बटणं दाबलीत तीच दाबायची. ट्रोम्बोनची नळी तिने जिथवर ओढलीय तिथवरच ओढायची. मग पाचांनी एकदम वाजवायचं. नुसती पोझ असेल तर सूर जुळणारच नाहीत.

वाजवलं. चार सूर झकास जुळले. पाचवा चक्क बेसूर.

हेंकचा जीव भांड्यात पडला. "बघ! खरंच वाजवत असत्या तर असा आवाज आला असता का? पोझच आहे."

"डावीकडची ती ट्रूस," कॉरीआजी शांतपणे म्हणाली. "या जागी ती दर वेळी मधलं बटण विसरायची. त्या दिवशी मी तिला मारायला धावले होते. मधलं दाबा आणि परत वाजवा."

आम्ही परत वाजवलं. निघाला तो आमच्याच यादीतल्या दुसऱ्या गाण्याचा पहिला सूर, दर शनिवारी वाजवतो तोच. हेंकचा हात आपोआप पुढच्या तालासाठी वर गेला.

"आधी पाटी काढ," कॉरीआजी म्हणाली. "मग हात हलव."