स्कॅनरची कोरडी आंघोळ

वाल सोलायला बसले होते. निम्मे सोलून झाले, निम्मे पाण्यात, तेवढ्यात शेजारून रंजिताची हाक आली, "काकी, जरा येता का?" आवाज रडवेला. हात पदराला पुसले नि गेले.

रंजिता आमच्या गल्लीतली झेरॉक्सवाली. नवरा मनोज वळ गावच्या गोदामात ड्युटीला. कुणाच्या तरी दाखल्याला चिकटून एकदा तेरड्याची पाकळी आली, ती स्कॅनरमध्ये अशी काही उमटली की तेव्हापासून पोरीला नादच लागला. गिऱ्हाईक नसलं की काचेवर फुलं, पानं मांडते, झाकण उघडंच ठेवून वरून बुटांचा खोका पालथा घालते. चित्रात मागे काळोख आणि त्यातून फूल वर आल्यासारखं. कधी खोका काढून, आतला दिवा सरकतो तसं फूल हलकेच ओढते, मग पाकळी लांबच लांब होते. माझ्याकडची वालाची सालं मागून नेली होती, त्यांचा तिने माशांचा थवा केला. मला तर देवाचीच करणी वाटली.

हे सगळं जमतं ते तिच्या जुन्या, जड स्कॅनरवर. नवा पातळ आहे तो काचेला टेकलेलं तेवढंच बघतो, जाड फूल त्यात धुरकट येतं. आता कापडवाल्या मेहरीनने तिची चित्रं ड्रेसच्या कापडावर छापायला मागितली होती. नमुने आजच द्यायचे, आणि नेमकी आज प्रत्येक चित्रावर वरपासून खालपर्यंत निळसर रेघ!

"काच दहा वेळा पुसली, काकी. दुरुस्तीवाला फोनवर म्हणतो, जुना झाला, भंगारात द्या. हा गेला तर माझं सगळंच गेलं."

म्हटलं, उजेडात तरी बघू. दोघींनी मिळून तो दारापाशी आणला. काचेच्या वरच्या कडेला, आतल्या बाजूने, लाल ठिपका.

"हे कुंकू!" रंजिता ओरडली. "इथे आत एक पांढरी पट्टी असते. मशीन आधी ती बघतं, मग चित्र काढतं. पट्टीवर लाल दिसलं की ते त्या जागी उलटा, निळसर रंग भरत बसतं."

तिची सासू आक्का कोपऱ्यात वाती वळत होती. तिनेच काल दसऱ्याला मशीनची पूजा केली होती, ओलं कुंकू भरपूर लावून.

"मंग? लक्ष्मी हाय ती. तिला न्हाय लावायचं तर कुनाला?"

"आक्का, लावा ना, पण चौकटीच्या फटीत? आता काच काढून पुसावं लागेल."

"खबरदार! दसऱ्याचं कुंकू पुसतेस? सवाशीण हाय ना तू? मनोजचं रोज गाडीवरनं जानं-येनं, इतकं ट्रॅफिक..." रंजिताने हातात घेतलेला स्क्रू ड्रायव्हर परत खाली ठेवला. नवऱ्याचं नाव आल्यावर कोण पुढे जाईल?

मी विचारलं, "आक्का, रोज सकाळी देवीला न्हाऊ घालता, तेव्हा कालचं कुंकू कुठे जातं?"

"ताम्हनात. आनि कुठं?"

"मग ते पुसलं का?"

आक्काने वात खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. "म्हंजे हिला पन आंघोळच घालायची." आणि उठून तांब्या घेतला.

"आक्का, पाणी नको! जळेल!"

"बरं बाय, कोरडी घाल. पन ताम्हन खाली धर."

पेच काढले, काच उचलली. रंजिताने मऊ फडक्याने पट्टी हलक्या हाताने साफ केली. आक्का ताम्हण धरून पुटपुटत होती. फडकं झाडलं, लालसर कण ताम्हणात पडले. काच बसवली, सोनचाफा ठेवला, खोका पालथा घातला. दिवा सरकत गेला.

फूल स्वच्छ आलं. रेघ नाही. रंजिताने चित्र मोठं करून पुन्हा एकदा बघितलं. आई वज्रेश्वरीला मी तिथूनच हात जोडले.

आक्काने नवं कुंकू आणलं. "आता कुठं लावू ते तूच दाखव." रंजिताने झाकणावर, पार मधोमध बोट ठेवलं. "नि कोरडंच हां, आक्का."

बाकीची फुलं तिने भराभरा उतरवून घेतली. आता ती पेनड्राइव्ह घेऊन मेहरीनच्या दुकानात नमुने द्यायला निघाली आहे.