केअर ऑफ आत्या

देवाची प्रार्थना करताना सोबत पूर्ण पत्ता सांगणारी बाई अख्ख्या कोकणपट्टीत एकच असेल, आणि ती माझी मोठी आत्या आहे. कुणाला पैज लावायची असेल तर मी तयार आहे. आत्याने टपाल खात्यात उभा जन्म काढला, तोही खिडकीवर तिकिटं विकत नव्हे, तर आतल्या खोलीत पत्रांचं सॉर्टिंग करत. लोकांच्या पुसट, अर्धवट, मनाला येईल तशा लिहिलेल्या पत्त्यांशी वर्षानुवर्षं झटापट केल्यावर तिचं ठाम मत झालं की जगातल्या निम्म्या दुःखाचं कारण अपुरा पत्ता हेच आहे. लोक देवाकडे मागतात काय, तर सगळ्यांना सुखी ठेव. सगळ्यांना म्हणजे कुणाला? कुठल्या गावाला? "असलं पाकीट आलं की आम्ही शेरा मारून परत पाठवायचो," ती म्हणायची. "देवाला काय तेवढंच काम आहे, शोधत बसायचं?"

म्हणून रोज उजाडताना मांडवीतल्या आमच्या घराच्या पडवीत ती वेताची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडायची आणि डोळे सताड उघडे ठेवून मोठ्याने प्रार्थनेला लागायची. डोळे मिटायला ती कधीच तयार नसे, कारण डोळे मिटून पत्ता वाचता येत नाही. "प्रभू, मांडवी, जेटीकडे उतरताना डाव्या हाताला, हिरवं दार. तिथल्या सुनेला आठवा लागलाय. सावर्डे, हायवेला लागून, सायकलच्या दुकानामागे, वरचा मजला. तिथल्या मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, डावा डोळा. चिपळूण, पुराच्या पाण्याची खूण आहे त्या भिंतीच्या पुढचं तिसरं घर..." माझी खोली पडवीला लागून. पहाटेच्या साखरझोपेत ते सगळं माझ्या कानावर पडायचं, आणि मला वाटायचं की कुणीतरी मला अलगद उचलून घरोघर फिरवतंय. हिरवं दार दिसायचं, जिना दिसायचा, वाशिष्ठीचं पाणी दिसायचं. मग आत्याचा आवाज आणि समुद्राचा आवाज एकमेकांत मिसळायचे आणि मी पुन्हा झोपून जायचे. रत्नागिरी जिल्ह्याचा भूगोल मी पुस्तकातून नव्हे, असा झोपेतच शिकले.

आमचं घर ख्रिस्ती. आजोबा घाटावरून इथे दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि समुद्र बघून परत गेलेच नाहीत. गावात आमची मंडळी इतकी थोडी की एक घर तापाने पडलं तर रविवारच्या उपासनेत गाण्याचा आवाज लगेच खाली येतो. पण आत्याच्या यादीत मंडळीतली माणसं कमी आणि बाकीचीच जास्त. शेजारच्या नाखव्याची बायको, जिच्या घरात गणपती येतो आणि शिमग्याला पालखी नाचते, तीसुद्धा वाऱ्याचा रंग बदलला की कुंपणापाशी येऊन उभी राहायची. "आत्याबाय, आमच्या बोटीचं पन घाला वो त्यात. दोन दिस झाले, फोन लागत नाय." आत्या लगेच विचारायची, "बोटीचा नंबर काय? रंग? गेली कुठल्या बाजूला?" एवढं सांगताना त्या बाईचा जीव निम्मा खाली येत असे. बोट आली की ती पाटीभर बांगडे घेऊन यायची आणि म्हणायची, "देव आमचा पन हाय वो, पन तुमच्याकडनं कसं, बराबर पत्त्यावर जातं."

निवृत्त होताना सगळे घड्याळ नाहीतर शाल घेऊन घरी येतात. आत्या मोडीत निघालेली पत्रांच्या खणांची लाकडी मांडणी घेऊन आली आणि ती तिने स्वयंपाकघरात ठोकली. खणांवर तालुक्यांची नावं तशीच होती. तेव्हापासून आमच्याकडे हळद दापोलीत, जिरं खेडमध्ये, मोहरी गुहागरात आणि चहा राजापुरात राहतो. एकदा एक पाहुणे चहाची वाट बघत बसले होते आणि आतून आत्याचा आवाज आला, "राजापूर संपलंय गो, थोडं लांजातलं घालू काय?" लांज्यात सुंठ होती. पाहुणे बिचारे हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून घाईघाईने म्हणाले, की एवढ्या लांबून कशाला आणता, आम्ही असेच निघतो. आईने सुरुवातीला बराच विरोध केला, पण पुढे ती स्वतःच बाजारात वाण्यापाशी "पाव किलो खेड द्या" म्हणाली आणि मग तिने हात टेकले.

अशा या आत्याच्या हातात माझी बारावी सापडली. निकाल चांगला लागला आणि घरात दोन कागद आले. एक आमच्या रत्नागिरीतल्या कॉलेजचा, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मैत्रिणी सगळ्या तिथेच जाणार होत्या. दुसरा घाटावरच्या शहरातल्या ख्रिस्ती कॉलेजचा. तिथे आवारातच दगडी चर्च, मुलींचं वसतिगृह, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. पाळकसाहेबांनी शिफारसपत्रही देऊन ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, कोवळ्या रोपाला कुंपण लागतं. बाबांचं म्हणणं, कलम सावलीत किती दिवस ठेवणार, कधीतरी उन्हात काढावंच लागतं. दोघांचं बोलणं मला पटत होतं आणि म्हणूनच मला झोप येत नव्हती. खरं सांगायचं तर मला त्या ख्रिस्ती कॉलेजात जायचं होतं, आणि त्याचं कारण फार पवित्र नव्हतं. पहिलीपासून बारावीपर्यंत वर्गात ख्रिस्ती अशी मी एकटीच होते. कुणी कधी वाईट वागलं नाही. पण टिकली का नाही, घरी इंग्रजीत बोलता का, नाताळात फराळाला काय करता, हे दरवर्षी नव्याने सांगायचं. सरस्वतीपूजनाच्या दिवशी बाई माझ्याकडे बघून जरा अवघडायच्या आणि त्यांना अवघडलेलं बघून मी अवघडायचे. मला आयुष्यात एकदा तरी नुसतं बसायचं होतं, काही न समजावता. आणि भीती अशी, की एवढ्यासाठी मी देवाचं नाव पुढे करून पळून तर जात नाही ना?

या सगळ्यात आत्या गप्प. हवामानापासून पोपपर्यंत सगळ्यांवर मत असलेली बाई या एका विषयावर अवाक्षर बोलेना. फक्त सकाळच्या यादीत माझा नंबर आला की म्हणायची, "प्रभू, आमच्या घरातली मुलगी. पत्ता अजून ठरलेला नाही. ठरेपर्यंत केअर ऑफ मी." मी पांघरुणातून ते ऐकायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं.

पत्त्याची खात्री केल्याशिवाय काही पाठवायचं नाही हा तिच्या खात्याचा नियम, म्हणून ती दोन्ही कॉलेजं बघायला स्वतः निघाली. रत्नागिरीच्या कॉलेजात तिने फाटकावरच्या शिपायाला गाठलं. "काय हो, इथं प्रार्थना कुठं करतात?" शिपाई जराही गोंधळला नाही. "परीक्षा असली की सगळीकडंच करतात बाई. जिन्यात, ग्रंथालयात, पार त्या सायकल स्टँडवर पन." आत्याला हे उत्तर फारच आवडलं. तिने त्याचं नाव, गाव, वाडी विचारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो यादीत आला.

चार दिवसांनी आम्ही एसटीने घाट चढून त्या दुसऱ्या शहरात गेलो. चर्चमध्ये शिरल्यावर आत्या एकदम हळू चालायला लागली. आत थंड सावली होती, कुणीतरी मुली चार आवाजांत गाण्याची तालीम करत होत्या, आणि गाणं तेच, जे आमच्या उपासनेत आम्ही कसंबसं एका आवाजात ओढत नेतो. आत्या शेवटच्या बाकावर बसली आणि तिने चक्क डोळे मिटले. मी तिला डोळे मिटून बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाहेर आल्यावर मात्र तिने वसतिगृहात नव्या मुलींचा मजला कुठला ते बघून घेतलं आणि एका मुलीला थांबवून विचारलंच, "बाळ, तुम्ही प्रार्थना कधी करता?" मुलगी म्हणाली, "घंटा झाली की." आत्या म्हणाली, "आणि घंटा नाही झाली तर?" ती मुलगी गोड हसली आणि पळाली.

परतताना आंबा घाटात धुकं उतरलं होतं आणि गाडी स्वप्नात चालावी तशी चालली होती. मला वाटलं आत्याला डुलकी लागली. पण ती खिडकीबाहेर बघतच बोलायला लागली. "ऑफिसात मी एकटीच होते गो. सत्यनारायण असायचा दरवर्षी. पहिल्या वर्षी मी कपाटामागे जाऊन उभी राहिले. दुसऱ्या वर्षापासून घरची अनंताची फुलं न्यायला लागले. हार मी करायची, पूजा ते करायचे. त्यांनी कधी हाताला धरून बसवलं नाही आणि मी कधी नाक मुरडलं नाही. पण रोज सकाळी उठून मलाच ठरवायला लागायचं, की आपण कोण. दुसरं कुणी आठवण करून देणारं नव्हतं. त्याने माझा विश्वास पक्का झाला, हे खरं." मग खिडकीची काच पुसत म्हणाली, "आणि दमायला झालं, हेही खरं. आज ते चार आवाज ऐकले आणि वाटलं, मला वीस वर्षांची असताना असं कुणी तीन वर्षं बसू दिलं असतं तर." मी विचारलं, "मग मी काय करू?" तर म्हणाली, "मी सॉर्टिंगवाली. पत्ता लिहिणारी मी नव्हे."

प्रवेश पक्का करायच्या शेवटच्या दिवशी मी पहाटेच उठून पडवीत गेले आणि तिच्या पायाशी बसले. हिरवं दार झालं, सावर्डे झालं, शिपाई झाला. माझा नंबर आला आणि ती थांबली. "सांग," ती म्हणाली. तोवर मी मोठ्याने प्रार्थना कधी केली नव्हती. मला लाज वाटायची. घसा साफ करून मी म्हणाले, "प्रभू, घाटावरचं ख्रिस्ती कॉलेज. मी दमले आहे, म्हणून जातेय. पळून जात असेन तर परत पाठव."  आत्या नाक ओढून खणखणीत आवाजात म्हणाली, "मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला, जिन्यावरून उजवीकडे. खोली नंबर मागाहून कळवते." तिच्या गुडघ्यांना रोज तेल कोण लावणार, तिचा चष्मा कोण शोधणार, याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी घरीच राहावं अशी तिची किती इच्छा होती ते मला पुढे आईकडून कळलं.

ती तीन वर्षं फार सुखाची गेली. पहिले काही महिने तर मी नुसती बसून राहिले, कुणाला काही न समजावता. चार आवाजांतला दुसरा आवाज माझा होता. मग हळूहळू घंटेची सवय झाली आणि मी प्रार्थनेला बसल्या बसल्या पेंगायला लागले, शेजारच्या मुलींसारखीच. एका सकाळी पेंगताना मला स्वप्नात हिरवं दार दिसलं आणि दचकून जाग आली. त्या दिवसापासून घंटेच्या आधी पाच मिनिटं उठून मी खिडकीजवळच्या माझ्या खाटेवर बसून पत्ते म्हणायला लागले. खोलीतली दुसरी मुलगी पाळकाची लेक, पण देवावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, ती पांघरुणातून म्हणायची, "ए, मोठ्याने म्हण ना, छान झोप लागते."

आता मी परत मांडवीत आहे आणि रत्नागिरीच्या त्याच कॉलेजात शिकवते, जिथे मी शिकले नाही. स्टाफरूममध्ये मी एकटीच. सरस्वतीपूजनाला अनंताची फुलं मी नेते. तो शिपाई अजून फाटकावर आहे आणि मला बघितलं की आत्याची चौकशी करतो.

आत्या मात्र आता हरवत चालली आहे. हळद गुहागरात सापडते, चहा कुठल्याही तालुक्यात सापडत नाही. माणसांची नावं तिच्या मनातून एकेक करून गळून गेली. पत्ते तेवढे राहिलेत. ज्या सुनेला आठवा लागला होता तिची मुलगी आता शाळेत जाते, तरी हिरव्या दाराआड अजून आठवाच चालू आहे. आणि माझा नंबर आला की ती न चुकता म्हणते, "मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला, जिन्यावरून उजवीकडे, खोली अकरा, खिडकीजवळची खाट." मी एकदा तिचा हात धरून म्हणाले, "अगं आत्या, मी इथे आहे, तुझ्या शेजारी." तिने माझ्याकडे बघितलं, चुकून सॉर्टिंगच्या खोलीत आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाशी वागावं तशी सभ्यपणे हसली आणि म्हणाली, "असाल हो. पण आमची मुलगी तिकडे आहे." त्या दिवशी मी आत जाऊन खूप रडले.

आता मी तिला दुरुस्त करत नाही. त्या खाटेवर या वर्षी कुणीतरी दुसरी मुलगी झोपत असेल. तिला माझं नाव माहीत नाही, आत्याचं तर नाहीच. मांडवीतून रोज पहाटे तिच्या नावाने काहीतरी निघतं आणि बरोबर पत्त्यावर पोचतं, हे तिला कधी कळायचंही नाही. आत्याची यादी संपते, ती खुर्चीतच डुलकी काढते. मग मी डोळे उघडे ठेवून शेवटचा पत्ता सांगते. मांडवी, समुद्राकडची पडवी, वेताची खुर्ची, तोंड रस्त्याकडे. केअर ऑफ मी.