सोमवार, शून्य वाजून तीस मिनिटं

सणसरच्या शाळेत चौथीला घड्याळ शिकवताना मी नियम ठोकून दिला होता. दुपारी एकपासून पुढं बारा मिळवायचे आणि रात्रीच्या साडेबाराला शून्य वाजून तीस मिनिटं म्हणायचं. पोरं धडाधड उत्तरं देत होती. पहिल्या ओळीतल्या एका मुलीनं मात्र हात वर केला.

"मॅडम, रात्रीचं साडेबारा म्हंजी वार कंचा धरायचा?"

तास संपत आला होता आणि माझी जीभ मुळातच तिखट. "विचारलंय तेवढंच सांग. वाराचं गणित नाहीये हे." वर्ग हसला. ती खाली बसली.

तिला ते खरंच हवं होतं, हे मला नंतर कळलं. कॅनॉलच्या पाण्याच्या पाळ्यांचा कागद घरी आला की तो आजोबांना वाचून दाखवायचा मान तिचा होता. त्या खेपेला कागदावर होतं, सोमवार, ००:३०. आमच्याकडं दिवस उजाडल्यावर बदलतो. रविवारी जेवून झोपलेल्या माणसाला जाग येईपर्यंत रविवारच असतो. कागदावरचा सोमवार मात्र त्याच रात्री बाराला सुरू झालेला असतो. तिनं "सोमवारी रात्री" असं सांगितलं आणि आजोबा सोमवारी जेवून, खोरं घेऊन पाण्याच्या चारीवर गेले. त्यांचं पाणी आदल्या रात्रीच पुढच्या रानात गेलं होतं. पुढची पाळी महिन्यानं. तोवर कांदा करपला.

कळल्यावर मी त्यांच्या घरी गेले. चूक माझी आहे, तिची नाही, एवढंच बोलायला गेले होते. तिचे आजोबा, आबा, म्हणाले, "ल्हान हाय वो पोरगी, चुकायचीच. तुमी च्या घ्या." ती दाराशी उभी राहून ऐकत होती. शेजारची चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मला बोलवेना. एरवी ही जीभ कुठं अडत नाही. मी चहा पिऊन परत आले, त्याची लाज अजून वाटते.

पुढं माझी बदली झाली. आता हा पाठ घेताना मी आधी फळ्यावर वार लिहिते.

परवा बारामतीच्या स्टँडवर आबा आणि ती, दोघं भेटली. नात चांगली उंच झालीय. आबांनी वेळापत्रकाकडं बोट केलं. "मॅडम, इंदापूरची गाडी कितीला हाय, बघा की जरा."

नात त्यांच्या शेजारीच उभी होती. वर १६:१५ लिहिलेलं होतं.

"तू सांग की," मी तिला म्हणाले.

तिनं आबांकडं पाहिलं. "नको मॅडम. तुमीच सांगा."

"सव्वाचार," मी सांगितलं. आणि जे बोलायचं होतं, ते तेव्हाही बोलले नाही.