बेडकाचा मान

केदारखेड्याच्या अलीकडे एक लहानशी वाडी आहे. तिथं कुणाला कसला मान, हे वाडवडिलांपासून ठरलेलं. पोळ्याला वेशीतून पहिला बैल काकासाहेब पाटलांचा, होळीचा पहिला एरंड रामरावाचा, आणि धोंडीचा बेडूक पुंजारामाचा. पहिल्या दोन मानांसाठी गावात बरीच डोकी फुटली होती. तिसऱ्यासाठी कुणाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं. पण पुंजाराम आपला मान पाटलाच्या मानापेक्षा काकणभर सरस समजे.

"पाटलाचा बैल नुस्ता मिरवतो," तो म्हणायचा. "माझा बेडूक पाणी आणतो."

पावसानं ओढ दिली की धोंडी निघायची. मुसळाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, पाल्यात जिवंत बेडूक अडकवायचा, दोघांनी मुसळ खांद्यावर घेऊन घरोघर हिंडायचं. बायकांनी बेडकावर तांब्या तांब्या पाणी ओतायचं. ते बघून वरच्याला लाज वाटावी आणि त्यानंही हात सैल सोडावा, असा सगळा बेत. अट एकच. बेडूक गावच्या बारवेतलाच पाहिजे. परगावचा बेडूक परगावासाठीच पाणी मागणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

बारव गावाच्या खालच्या अंगाला होती. पिण्याचं पाणी दुसरीकडचं. ही बारव गुरांची, म्हशींची आणि बेडकांची. पाऊस लागला की मोठमोठे बेडूक पिवळेधमक होऊन पायऱ्यांवर बसत, हळद लागलेले नवरदेव एका मांडवात कोंडावेत तसे. त्यांच्या ओरडण्यानं खालच्या आळीत नवरा-बायकोला भांडायचं झालं तरी वरच्या आळीत जावं लागे. उन्हाळ्यात हीच वरात गाळात हातभर खाली जाऊन निजायची. कुठं खोरं मारलं की निघेल, ते पुंजारामाला बापानं दाखवलं होतं.

"पोलिस अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या साली," तो सांगू लागे, "मी असा बेडूक काढला, असा काढला, सातव्या घरापाशी धोंडी गेल्ती का न्हाई, तं पाण्यानं मुसळ वाहून..."

एवढ्यात आढ्यावर पाल चुकचुके. मग त्याची बायको द्वारकाबाई चुलीपुढून मान वर करी. "घ्या! मुक्या जिवाला बी कळलं. आवो, त्या दिवशी नुस्तं शिंतडलं व्हतं."

ही पाल म्हणजे द्वारकाबाईच्या संसारातली तिची एकुलती साक्षीदार. पुंजारामाच्या गोष्टीला मीठमसाला जास्त पडला की पाल बोलायची. निदान द्वारकाबाईला तेव्हाच ऐकू यायची. पुंजाराम पालीला 'सासूबाई' म्हणे. संसार असा चालला होता.

मग त्या संसारात हिवताप शिरला. तो दर पावसाळ्यात गावात येई, पण एका साली त्यानं पुंजारामाचा धाकटा मुलगा नेला. पुढच्या साली नीला, त्याची उरलेली एकच लेक, एक दिवसाआड दुपारच्याला कुडकुडायला लागली. अंगावर घरातल्या साऱ्या गोधड्या, वर द्वारकाबाई स्वतः, तरी खाट वाजायची. पुंजाराम उंबऱ्यात बसून राही. त्या दिवसांत त्यानं एकही गोष्ट सांगितली नाही, आणि पालही चुकचुकली नाही.

अशात फवारणीची टोळी आली. खाकी चड्ड्या, पाठीवर पंप. टोळीचा म्होरक्या मच्छिंद्र. त्यांनी घराघरांच्या भिंती डीडीटीनं पांढऱ्या केल्या. घरातले डास गेले. नीलाचा ताप उतरला, परत आला नाही. महिन्याभरात पोरगी भाकरीवर भाकरी खाऊ लागली. मच्छिंद्राच्या जागी साक्षात खंडोबा पाठीवर पंप घेऊन आला असता, तरी पुंजारामानं याहून लवून नमस्कार केला नसता.

टोळी शेजारच्या गावांतून परत चालली होती. पुंजारामानं वाटेत मच्छिंद्राला गाठलं.

"साहेब, थोडी पावडर द्या ना. आमच्या बारवेत डासच डास हाये."

"ती भिंतीची दवा हाय, मामा. पाण्यात न्हाई टाकायची."

"जी भिंतीला चालती ती पाण्याला चालंना? माझं एक लेकरू गेलंय, साहेब. दुसरं जाऊ द्यायचं न्हाई मला."

मच्छिंद्र घुटमळला. पुंजारामानं घरच्या तुपाची बरणी पुढं केली. मच्छिंद्राच्याही घरी लेकरं होती आणि तूप नव्हतं. पावडरीचा डबा या हातातून त्या हातात गेला.

पुंजारामानं पायताण काढलं, हात जोडले, आणि देवावर भंडारा उधळावा तशी बारवेवर पावडर उधळली. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत. डब्याच्या तळाचं विसळून तेही ओतलं. प्रसाद वाया घालवायचा नसतो.

सासूबाई पहिल्यांदा गेल्या. आढ्यावरून सोडवलेल्या सुतळीच्या तुकड्यासारख्या पदकन परातीत पडल्या. द्वारकाबाईनं सुपलीत उचलून टाकलं आणि "मेली" एवढंच म्हणाली. फवाऱ्यानं मरायला टेकलेली झुरळं पालीनं चापून खाल्ली होती. दारातल्या बाभळीवरचा सरडाही कुंपणापर्यंतची धाव संपवून तिथंच वाळला. आणि बारवेत बेडूक पांढरी पोटं वर करून तरंगले.

"थोडे गेले," पुंजाराम म्हणाला. "बाकीचे खाली हायेत. रुसलेत. येतील."

त्या पावसाळ्यात खालची आळी शांत झोपली. लोक खूश झाले. पुंजाराम मात्र रोज दिवेलागणीला बारवेच्या पायरीवर बसून यायचा. पुढच्या पावसाळ्यातही तेच. त्याच्या पुढच्या साली आषाढ कोरडा चालला आणि काकासाहेबांनी निरोप धाडला. धोंडी काढायची, बेडूक पाहिजे.

पुंजाराम खोरं घेऊन उतरला. बापानं दाखवलेल्या जागा उकरल्या, मग न दाखवलेल्या. दिवसभर गाळ उपसला. हाताला आतून नुसती हाडकं लागत. उन्हं कलली तेव्हा शेवटच्या पायरीखाली ओला गोळा हलला. एकच. म्हातारा, जाडा, डोळे मिटलेला. पुंजारामानं तो धोतराच्या सोग्यात घेतला आणि भर बारवेत मोठ्यानं हसला.

घरी आणला तो फुटक्या रांजणात ठेवला, ओला गाळ घालून. खायला पहिल्यांदा मुंग्या, मग नाकतोडे.

द्वारकाबाई बघत राहिली. "जावयाचं बी येवढं केलं नसतं तुमी. जा, देऊन या जल्दी. पाटील वाट बघून राह्यलेत."

"मुसळाला बांधतील त्याला."

"दरसालच बांधत्यात."

"दरसाल मेला तं दुसरा व्हता," पुंजाराम म्हणाला. "हा मेला तं..."

पाटलांच्या ओसरीवर सारं गाव जमलं होतं. पुंजाराम रिकाम्या हातानं गेला.

"घावला न्हाई, काकासाहेब."

"बिलकुल न्हाई? तुला?"

"बिलकुल न्हाई."

रामराव फसकन हसला. "बारव धुतली कुणी, म्हणावं! मानकऱ्यानंच मानाला पावडर जेवू घातली की!"

काकासाहेबांनी सुपारी कातरली. मग त्यांनी रामरावालाच पूर्णा नदीच्या डोहातून बेडूक आणायला सांगितलं. परगावचा तर परगावचा. त्या दिवसापासून धोंडीचा मान रामरावाकडे गेला तो गेलाच. धोंडी पुंजारामाच्या दारावरूनही गेली. द्वारकाबाईनं परक्या बेडकावर तांब्याभर पाणी ओतलं. पुंजाराम आत रांजणापाशी बसून होता, आतला ओरडू नये म्हणून वर घोंगडं धरून.

पाऊस आला तो उशिरा, आणि बेताचाच. बारवेत दोन पायऱ्या पाणी चढलं, तसा पुंजारामानं म्हाताऱ्याला नेऊन सोडला. तो पिवळा झाला आणि ओरडू लागला. रोज संध्याकाळी तो ओरडायचा, थांबायचा, पुन्हा ओरडायचा. पुंजाराम वरच्या पायरीवर बसून तेही ऐकायचा आणि मधलं थांबणंही ऐकायचा. त्या थांबण्यात कुणीच काही बोलत नसे. एकदा त्यानं इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला आणि स्वतःच "डराँव" म्हणून बघितलं. म्हातारा गप्प झाला. त्या दिवशी पुन्हा ओरडला नाही. माणसानं मध्ये बोललेलं त्याला आवडलं नसावं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात बारव भरली. पुंजाराम पायरीवर बसून आला. दुसऱ्या दिवशी बसून आला. महिनाभर बसून आला. ओरडणं काही कानावर पडलं नाही. पाण्यावर डास मात्र भरपूर होते. ते परतले होते.

एका संध्याकाळी तो घरी येऊन पाय धूत होता. नीला सासरी गेलेली. घरात दोघंच.

"ओरडला का हो?" द्वारकाबाईनं विचारलं.

"ओरडला की. चांगला दोनदा ओरडला."

तिनं सवयीनं आढ्याकडं पाहिलं. पांढरी भिंत, पांढरं आढं. तिनं चुकचुकण्याची वाट बघितली.

"हां," ती म्हणाली आणि ताट पुढं सरकवलं. "मला बी इथवर ऐकू आलं."