पासवर्ड बरोबर होता

पासवर्ड बरोबर होता. त्या चार दिवसांत मी हे इतक्यांदा म्हटलं की घरात त्याची नक्कल व्हायला लागली. भाजीत मीठ जास्त पडलं की हे, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "पण पासवर्ड तर बरोबर होता ना?"

सेलूला आमच्या घरी तेव्हा तीन कॉम्प्युटर होते. नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. एक कॉम्प्युटर माझा. त्यावर मी लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करायची. दुसरा समोरच्या खोलीत, मामाजींचा. मामाजी म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सारं सेलू त्यांना गुरुजी म्हणायचं. तिसरा माझाच जुना, मागच्या खोलीत गव्हाच्या कोठीवर ठेवलेला. त्याला ना पडदा ना कीबोर्ड. त्याचा मी सर्व्हर केला होता. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, मोठी डिस्क बसवली, खिडकीच्या वरच्या फटीतून केबल ओढून तिन्ही यंत्रं जोडली. कुणी शिकवलं नाही, कुणी मदत केली नाही. मला त्या डब्याचा माज होता आणि तो मी लपवतही नव्हते.

डबा उभा केला तो मामाजींच्या वह्यांसाठी. चौदा वह्या लिहून काढल्या होत्या त्यांनी. लहानपणीचं गाव, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस, पहिली नोकरी, बदल्या. मी त्या टाइप करायची. त्यांची नजर कमी होत चालली होती, म्हणून ते पडद्यावर अक्षर मोठं करून वाचायचे आणि दुरुस्त्या करायचे. आधी आमची देवाणघेवाण फ्लॉपीवर चाले. एकदा त्यांनी आठवडाभर खपून सुधारलेली पानं माझ्या जुन्या फाइलखाली गेली. त्यांनी ती पानं पुन्हा पहिल्यापासून सुधारायला घेतली. मलाच जेवण गेलं नाही. दोघांनी एकाच जागेवरची एकच फाइल उघडायची, त्यासाठी हा सर्व्हर.

आणि तो मामाजींनाच आत घेईना. माझ्या कॉम्प्युटरवरून वह्यांचं फोल्डर झटकन उघडायचं. त्यांच्याकडून उघडायला गेलं की एक चौकट यायची, पासवर्ड द्या. दिला की म्हणायची, चूक.

बुधवारी संध्याकाळी ह्यांनी निकाल दिला. "रविवारी वर्ध्याचा कॉम्प्युटरवाला मानूस येऊन राह्यला. तो हा डबा फॉर्मॅट मारन, विंडोज टाकन. साधा कॉम्प्युटर होईन, कोनाले तरी कामी येईन."

"रविवारले अजून वेळ हाये," मी म्हटलं.

"काऊन एवढी जिद्द करून राह्यली? हे तुयं काम नाई."

फायली मी काढून घेतल्या असत्या, त्याची भीती नव्हती. पण डबा गेला असता, आणि 'हिला जमतं' ही त्या घरात नुकती कुठं रुजलेली गोष्टही त्याच्यासोबत गेली असती. पुढची नऊ-दहा वर्षं मला बल्ब बदलायलाही कुणी हात लावू दिला नसता.

सर्व्हरला पडदा नव्हता, म्हणून त्याची सगळी मांडामांड मी माझ्या कॉम्प्युटरवरून, ब्राउझरमध्ये करायची. त्याचा नंबर टाकला, पुढं नऊशे एक टाकलं, की एक पान उघडायचं. वर बटणं, खाली रकाने. कोणतं फोल्डर, कुणी पाहायचं, कुणी लिहायचं, कुणाचा पासवर्ड काय. गुरुवारी उघडलं तर निम्मी बटणं गायब. तासभर शोधल्यावर कळलं, मी माझ्या नावानं आत शिरले होते. सगळी बटणं फक्त मालकाला दिसतात. इथंही तेच, म्हटलं, आणि मालकाचा पासवर्ड देऊन, मालक होऊन परत शिरले.

शुक्रवारी मी त्या पानावरून मामाजींचा पासवर्ड सहा वेळा बदलला. 'बदलला', पान नम्रपणे सांगायचं. समोरच्या खोलीत जाऊन टाकला की 'चूक'. दुपारी लोडशेडिंग. तेव्हा मी छापून घेतलेल्या रकान्यांवर पेन्सिलीनं खुणा करत बसले. शेजारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "होते का नाई ते?" त्यांनी विचारलं. होईल, म्हटलं. माझाच मला विश्वास नव्हता आणि त्याचाच जास्त राग येत होता.

शनिवारी सकाळी सुचलं, की सर्व्हर कुठंतरी लिहून ठेवत असेल. दारावर कोण आलं, त्याला काय उत्तर दिलं. ती फाइल सापडली. उघडली. ओळीखाली ओळ, एकच नाव, आणि प्रत्येक नावापुढं तेच: असा कुणी इथं नाही.

ते मामाजींचं नाव होतं. त्यांचं खरं नाव.

लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं होतं, "मामाजीचं नाव तोंडी आनाचं नाई." मामाजींनी दीक्षा घेतली तेव्हा या घरातले देव विहिरीत गेले, देव्हारा निघाला, उपासतापास गेले. पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे टाकायच्या यादीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मीही ते पाळत आले. इतकं की वह्यांत जिथं कुणी त्यांना नावानं हाक मारी, तिथं मी तीन टिंबं टाइप करायची आणि ते स्वतः नाव भरायचे. सर्व्हरवर त्यांचं खातं काढताना माझा हात आपोआप वळला आणि मी 'मामाजी' टाकलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर मात्र वर्ध्याच्या माणसानं पहिल्याच दिवशी त्यांचं खरं नाव घातलं होतं. रोज सकाळी यंत्र सुरू झालं की ते नाव पडद्यावर यायचं, आणि मी दुसरीकडं बघत एंटर दाबायची. तेच नाव ते यंत्र मुकाट्यानं सर्व्हरला सांगत होतं. चौकट आम्हाला विचारायची तो फक्त पासवर्ड. आणि पासवर्ड बरोबर होता.

मी ओळी मोजल्या. चाळीस. ज्या माणसाला नऊ वर्षं रोज ताट वाढलं, त्याला माझ्या हातच्या सर्व्हरनं चाळीस वेळा सांगितलं होतं, की तुम्हाला मी ओळखत नाही. मला लाज वाटली. मग राग आला, आणि तो उतरेना.

सोपा मार्ग होता. त्यांच्या कॉम्प्युटरवरचं नाव पुसायचं, तिथंही 'मामाजी' टाकायचं. दहा मिनिटांचं काम, कुणाला कळलंही नसतं. पण माणसाचं नाव पुसून माझी सोय का करायची? आणि सर्व्हरवर त्यांच्या नावाचं खातं मी शनिवारीच काढू शकत होते. मुद्दाम थांबले; ते मला सगळ्यांसमोर करायचं होतं.

रविवारी वर्ध्याचा माणूस सीड्यांची पिशवी घेऊन आला. त्याच्यासाठी चहा आला. हे उभे, सासूबाई दारात, मामाजी खुर्चीत. मी मालक होऊन ते पान उघडून बसले होते.

"वहिनी, कोन्या नावानं लॉगिन होते हे?" त्यानं सहज विचारलं.

मी नाव घेतलं. मामाजींचं, मोठ्यानं, जसं आहे तसं.

"काय बोलून राह्यली तू?" सासूबाई म्हणाल्या.

"जे त्याइचं नाव हाये तेच."

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. त्या माणसाला काय झालं ते कळलं नाही, तो चहा फुंकत होता. मी रकान्यात ते नाव टाइप केलं, पासवर्ड दिला, बटण दाबलं. मग वळले. मामाजी काय म्हणतील ते ठाऊक नव्हतं, पण मान खाली घालायची नाही एवढं ठरवलं होतं.

मामाजी चष्मा पुसत होते. "माह्यी माय गेली तवापासून," ते म्हणाले, "या घरात माह्यं नाव कोनं घेतलं नाई. पेन्शनच्या कागदावर दिसते तेवढंच." मग चष्मा लावून म्हणाले, "म्हन ना अजून एकदा."

मी म्हटलं.

त्यांनी स्वतः उठून समोरच्या खोलीत पासवर्ड टाकला. फोल्डर उघडलं, आत चौदाच्या चौदा वह्या. वर्ध्याच्या माणसानं पिशवी उचलली. ह्यांनी त्याला बसस्टँडपर्यंत सोडलं आणि परत आल्यावर त्या डब्याविषयी पुन्हा कधी शब्द काढला नाही. टिंबं टाकणं मी त्या दिवसापासून बंद केलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी तुटक बोलल्या, बोलू दिलं.

सोमवारी मी चौदावी वही उघडली. तिच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती, त्यांनी लिहिलेली आणि मीच टाइप केलेली: 'हे सर्व माझ्या सुनेने टाइप केले.' त्यातला 'माझ्या सुनेने' हा भाग पुसलेला होता. तिथं माझं नाव होतं, एका बोटानं टाइप केलेलं, मधली वेलांटी चुकलेली. नऊ वर्षांत त्यांनीही ते कधी घेतलं नव्हतं. पुढं वह्यांचं पुस्तक छापायच्या वेळी प्रेसवाल्यानं ती वेलांटी दुरुस्त करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हात लावायचा नाही.